कुणाचा रं तू? (भावकीचा मेळावा, आणि त्यानंतरचं सुतक)

भट्टीकाठचा

मे महिन्यात गावी आमच्या भावकीचा मेळावा झाला. गाव खानापूर तालुक्यातलं, विट्यापासून गाडीनं अर्ध्या तासावर. नाव मुद्दाम लिहीत नाही, खाली भांडणंही येणार आहेत.

आमचा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, शेजारचे माण-खटाव हा सगळा पाऊस हुलकावणी देणारा पट्टा. शेतीवर भागेना म्हणून इथली माणसं गलाईला बाहेर पडली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. तामिळनाडूत जा, केरळात जा, दिल्ली-कलकत्त्याला जा, सराफी पेठेच्या मागच्या बोळात मूस (सोनं वितळवायचं भांडं), भट्टी आणि तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास सापडला की आत बसलेला माणूस बहुतेक आमच्याकडचा असतो. एकजण गेला की तो भावाला ओढतो, भाऊ मेव्हण्याला, मेव्हणा पुतण्याला. आमच्या घरातले सगळ्यात जास्त लोक १९७२ च्या दुष्काळात गेले. जे मागं राहिले त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली आणि सुकडी खाल्ली.

त्यामुळं आमच्या शाखांना पणजोबांची नावं नाहीत, शहरांची आहेत. सेलमवाले, त्रिचूरवाले, कलकत्तावाले, आणि जे गावातच राहिले ते घरवाले. मी त्रिचूरवाल्यांतला. वडिलांची हयात केरळात त्रिचूरला (आताचं त्रिशूर) गेली, माझी शाळा तिथली, नोकरी पुण्यात. गाव म्हणजे जत्रा आणि मयत, एवढाच संबंध.

मेळावा सेलमवाल्यांच्या बंगल्यापुढं होता. आमच्याकडं असे बंगले गावोगाव आहेत: तीन मजले, काचा, जिन्याला स्टीलचे कठडे आणि वर्षातले अकरा महिने कुलूप. दोनशेच्या वर माणसं जमली. पाच भावांच्या पाच शाखा म्हणून पाच रंगांचे बिल्ले. मांडवाच्या एका बाजूला वीस फुटी फ्लेक्सवर वंशावळ. लोक त्याच्यापुढं गर्दी करून आपापल्या नावावर बोट ठेवून फोटो काढत होते. चुलतभावानं त्यासाठी चार महिने फोनाफोनी केलेली. तरी दोन नावं चुकली आणि ती दोन्ही घरं जेवणापर्यंत फुगून बसली.

पुण्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न 'काय करता?' गावात तो तिसरा-चौथा येतो. पहिला 'कुणाचा रं तू?' नाव सांगून उपयोग नसतो. वडिलांचं सांगितलं तरी भागत नाही. आजोबांवर आलं की समोरच्याच्या डोळ्यांत काहीतरी लागतं, 'आरं, मग घुम्याचा नातू म्हण की!' मग तो माणूस आपल्या खांद्यावर हात ठेवून असं बोलायला लागतो, जणू मागच्याच आठवड्यात भेट झाली होती.

हे 'घुम्या' प्रकरण मला त्या दिवशीच कळलं. हेळव्याला बोलावलं होतं. दक्षिण महाराष्ट्राबाहेरच्यांना हेळवी माहीत नसतील. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी वहीत लिहून ठेवणारी ही माणसं. पूर्वी बैलावर बसून यायचे, दारात वंश वाचायचे, नवी पोरं लिहून घ्यायचे, धान्य-कापड घेऊन पुढच्या गावाला जायचे. आमचा हेळवी मोटारसायकलवर आला, वही मागं कॅरिअरला दोरीनं बांधलेली. चहा पिताना तो साध्या मराठीत बोलत होता. वही उघडली आणि आवाज बदलला. कानडी हेल, एका दमात सात-आठ नावं, मध्ये थांबायचं ठिकाण ठरलेलं. मांडवातली पोरंसुद्धा गप्प झाली. आमच्या आजोबांच्या नावापुढं त्यानं तितक्याच गंभीरपणे वाचलं, 'ऊर्फ घुम्या'. सगळा मांडव हसला. आजोबा बोलायचे नाहीत हे माहीत होतं, पण ते वहीत चढण्याइतकं प्रसिद्ध होतं हे नव्हतं. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. 'वर्गात तोंड उघडत नाही' म्हणून शाळेनं दोनदा भेटायला बोलावलंय. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. तो बुंदी खात होता.

दोन गोष्टी मनातून जात नाहीत.

एक म्हणजे सेलमचा पुतण्या. नववीत आहे, मराठी कळतं, बोलायला लाजतो. गावाकडच्या पोरांनी त्याच्या मराठीवरून सकाळपासून टिंगल लावलेली. तो एका कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता, शेजारी खुर्चीवर आमची थोरली आक्का. नव्वदीची, ऐकू कमी येतं. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, वाकून तिला तामिळमध्ये विचारलं, 'साप्पाड आच्चा?' (जेवण झालं का?) आणि आक्का, जी तासभर कुणाशी बोलली नव्हती, ती म्हणाली, 'आच्चु, आच्चु.' (झालं, झालं.) नवरा होता तोवर तीस वर्षं ती सेलमला होती. मग दोघं अर्धा तास तामिळमध्ये गप्पा मारत बसले. मराठी भावकीच्या मेळाव्यात पणजी आणि पणतू यांचं जमलं ते तामिळमधून. भोवतीचे आम्ही सगळे नुसते बघत होतो.

दुसरी गोष्ट कलकत्त्याच्या आण्णांची. ऐंशीच्या पुढचे, धोतर, गांधी टोपी. मी त्यांना आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पाणी द्यायला गेलो, त्यांनी पेला घेतला आणि मला त्यांची बोटं दिसली. तेजाब लागून लागून टोकं पिवळट तपकिरी, नखं जाड. ती बोटं माझ्या वडिलांची होती. वडिलांच्या प्रत्येक सदऱ्याला पोटाजवळ बारीक भोकं असायची, कडा जळकट. आई ती रफू करायची आणि शेवटी कंटाळून त्याच रंगाचं ठिगळ लावायची. मी आण्णांना एवढंच म्हणालो, 'आमचे तात्या पण...' ते म्हणाले, 'ठाऊक हाय. भट्टीवर मीच बसवला त्येला. चौदा वर्साचा हुता. पहिल्या दिशी मूस फोडली त्यानं.' हे वडिलांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आता ते नाहीत. मांडवात त्या बोटांची पाच-सहा माणसं असतील, सगळी सत्तरीच्या पुढची. त्यांच्या पोरांची बोटं स्वच्छ आहेत. आता मशीन मिनिटात टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, सांगतं.

मेळाव्यानंतर तेविसाव्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला, कलकत्त्याचे आण्णा गेले. खाली, 'भावकीला दहा दिवस सुतक.'

असे मेसेज आधीही यायचे. मी हात जोडलेलं चित्र टाकून पुढं जायचो. या वेळी आईनं विचारलं, 'आपल्याला दहा की तीन?' आमच्यात सातव्या पिढीपर्यंत दहा, त्यापुढं तीन धरतात. मी फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर मोठा करून बोटानं पिढ्या मोजल्या. आण्णांचे आणि माझे आजोबा सख्खे चुलतभाऊ. दहा. शनिवारी मुलाचा वाढदिवस होता.

खरं सांगतो, केक कापला. मुलाचे मित्र बोलावून झाले होते. पण देवापुढं दिवा लावला नाही, आणि फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकले नाहीत. ही चोरी कुणापासून केली हे मला अजून कळलेलं नाही.

तुमच्याकडं असे मेळावे झालेत का? नंतर काय उरलं? का दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या गावी?

माळावरची बोर

आमचं आटपाडी. वाचताना खरसुंडीच्या जत्रेतली धूळ नाकात गेली. सिद्धनाथाला गेलं की आमचे आजोबा आधी खिलार बैल बघायचे, मग देव, आणि मग एका ठरलेल्या झाडाखाली बसायचे. कानपूरवाले, मदुराईवाले सगळे तिथं त्यांना हुडकत यायचे. तोच आमचा मेळावा, बिल्ले नव्हते एवढंच. आता ते झाडही नाही, रस्ता रुंद झाला.

हेळव्याला दक्षिणा किती दिली? आमच्याकडं पूर्वी लग्न झालेल्या घरातून पितळेचं भांडं द्यायची पद्धत होती.

भट्टीकाठचा

घरटी पाचशे ठरले होते. त्यानं पैसे घेतले आणि म्हणाला, 'धान्य बी द्या, वहीला धान्य लागतं.' घरवाल्यांनी ज्वारी दिली. आम्ही शहरवाले एकमेकांची तोंडं बघत राहिलो.

शेवंता

छान लिहिलंय. आता नावडतं विचारते. वीस फुटी फ्लेक्सवर मुली होत्या का?

माझ्या माहेरीही मागच्या वर्षी असाच मेळावा झाला. मी हौसेनं गेले, पंधराशे रुपये वर्गणी भरली, पोळ्या लाटायला उभी राहिले. प्रवेशाच्या टेबलावर मला बिल्ला मिळाला, त्यावर छापलं होतं 'पाहुणे'. ज्या घरात चालायला शिकले त्या घराच्या अंगणात पाहुणे! सासरच्या मेळाव्यात 'सून' असा बिल्ला होता, तिथं निदान खोटं तरी नव्हतं.

माझं लग्न १९९१ चं. महाराष्ट्रानं १९९४ ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ ला केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली आणि २००६ च्या दिवाळीत भाऊ साडी आणि हक्कसोडपत्र एकाच पिशवीतून घेऊन आला. मी सही केली. भांडण नको होतं. पण त्या फ्लेक्सवर माझं नाव नव्हतं तेव्हा वाटलं, सही जरा लवकरच केली.

भट्टीकाठचा

नव्हत्या. लेकी नव्हत्या, सुना कंसात होत्या. त्याही 'सौ.' एवढंच, काहींचं पुढं नाव नाही. मी चुलतभावाला विचारलं तर म्हणाला, 'लेकी घातल्या तर चाळीस फुटी लागला असता.' खर्चाचं कारण देऊन मोकळा. आणि खोटं कशाला बोलू, मला स्वतःला ते मांडवात खटकलं नव्हतं. तुमची पोस्ट वाचल्यावर फोटो परत काढून बघितला. माझी थोरली बहीण त्यात नाही. तिनं त्या दिवशी दोनशे माणसांना वाढलं.

सातबारा

सगळे भावुक झालेत म्हणून जरा थंड पाणी ओततो. मी त्याच भागातला, कागदपत्रांची कामं करतो. मेळावे आत्ताच का सुटलेत विचारा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं. ज्या माळाला पूर्वी कुणी फुकट घेत नव्हतं तिथं द्राक्षं, डाळिंब, ऊस. पाण्याबरोबर बांधही जिवंत झाले. पन्नास वर्षं सेलमला असलेला माणूस विचारायला लागला, 'आमचा वाटा कुठनं कुठपर्यंत?' मेळाव्यात सकाळी देवाची आरती, दुपारी जेवण, आणि चारनंतर गोठ्यामागं चौघं-पाचजण मोबाइलवर उतारा उघडून उभे. मी स्वतः उभा होतो.

बरं, वाईट काही नाही त्यात. फ्लेक्सपेक्षा फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, खरे बोलतात. कोण कधी वारलं, मागं कोण राहिलं, विधवेचं नाव कधी लागलं, बहिणींची नावं सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात किती वर्षं होती आणि कुठल्या साली कमी झाली, सगळं तिथं असतं. मेळाव्यात पाया पडलेल्या एका आजोबांनी १९६८ ला वहिनीचं नाव कसं लावू दिलं नव्हतं ते मी वाचलंय. तरी पाया पडलोच.

मोडीवाली

सातबारा यांच्याशी सहमत, आणि पुढं थोडी भर. मी मोडी वाचून देते. २०२३ ला मराठवाड्यात आणि मग सगळीकडं कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा आम्हा मोडी वाचणाऱ्यांना जेवायला वेळ नव्हता. लोक जुने जन्ममृत्यूचे रजिस्टर, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्याची पानं फोटो काढून आणायचे. पणजोबा हवे असायचे दाखल्यासाठी, पण हाती भलतंच लागायचं. एका घराला एकाच वर्षात, एकाच पानावर, पाच मुलांचे मृत्यू सापडले. त्या घरात ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. दाखल्याचं काम होतं ते विसरून तो माणूस बराच वेळ नुसता बसून राहिला.

तुमच्या हेळव्याची वही मोडीत आहे की कानडीत?

भट्टीकाठचा

अलीकडची पानं मराठीत बाळबोध, मधली मोडीत, त्याआधीची कानडी. जुनी पानं त्यानं आम्हाला हात लावू दिली नाहीत. फोटोही नाही. म्हणाला, 'फोटू काडल्यावर माझं काय काम?' मुद्दा बरोबर आहे त्याचा.

वाडीवरचा

कोकणातून. आमच्याकडे मेळावा वगैरे भरवत नाहीत, गणपती भरवतो. मूळ घर एक, वाटेकरी बत्तीस, गणपतीची पाळी दरवर्षी एका घराकडे. पाळीवाला खर्च करतो, बाकीचे चुका काढतात. माझे वडील गिरणीत होते. १९८२ चा संप झाला तेव्हा मुंबईतली तीन चुलत घरं गावी परतली आणि एकाच पडवीत दीड वर्ष राहिली. आम्हा पोरांना ती दीड वर्षं सुट्टी वाटली. आई मात्र अजूनही त्यातल्या एका काकूचं नाव निघालं की तांदळाच्या डब्याचा विषय काढते. चाळीस वर्षं झाली. दोघी आरतीला शेजारी उभ्या राहतात, झांजा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातात, बोलणं नाही.

नंतर काय उरतं विचारलंत ना? हे उरतं.

माळावरची बोर

वाडीवरचा, तांदळाच्या डब्याचं काय झालं होतं ते सांगा आता!

वाडीवरचा

कोलम आणि जाडा, कुणाच्या पोरांच्या ताटात कुठला. याहून जास्त लिहिलं तर दोन्ही घरं इथं येऊन भांडतील.

बिनपत्त्याचा

मी सहसा लिहीत नाही. धागा दोनदा वाचला.

माझ्या वडिलांनी १९७९ ला जातीबाहेर लग्न केलं. भावकीनं बोलणं सोडलं. वाळीत टाकलं असं कुणी म्हणालं नाही, फक्त आजी गेली त्याचा निरोप आम्हाला तेराव्यानंतर आला. मागच्या वर्षी आमच्याही आडनावाचा मेळावा झाला. मला बोलावणं नव्हतं, पण एका लांबच्या चुलतभावानं फ्लेक्सचा फोटो पाठवला, बहुतेक चांगल्या मनानं. वडिलांचं नाव होतं. त्यांच्या खाली रेघ नव्हती. मी, माझी बहीण, तिची दोन मुलं, कुणी नाही. बाकी ज्यांना मूलबाळ झालं नाही त्यांच्याही खाली तसंच मोकळं होतं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं तेही त्यातलेच.

तुम्ही सुतकाचं लिहिलंत. आम्हाला आजीचं सुतक कळेपर्यंत फिटलेलं होतं. वडील तरी दहा दिवस दाढी न करता कामावर गेले. कुणी विचारलं तर म्हणायचे, ब्लेड संपलंय.

शेवंता

बिनपत्त्याचा, काय लिहावं सुचत नाही. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

बिनपत्त्याचा

२०१४ ला गेले. आम्ही भावकीला कळवलं होतं. तिघं आले होते.

सातबारा

वरती जरा जास्तच शहाणपणा केला मी. फ्लेक्सवर रेघ नसली तरी वारसनोंदीत तुमचं नाव लागलंच पाहिजे. लागलेलं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पैसे घेणार नाही.

भट्टीकाठचा

चार दिवस गावी होतो, म्हणून उत्तराला उशीर. दोन-तीन गोष्टी झाल्या.

सेलमच्या पुतण्यानं सुतकाच्या सहाव्या दिवशी मला एकट्याला मेसेज केला होता. शाळेत कुणाचा तरी वाढदिवस, चॉकलेट वाटली, मी खाल्लं, चालतं का? मी लिहिलं, मी केक खाल्ला. त्यावर त्याचं हसणं आलं आणि पाठोपाठ प्रश्न, 'काका, आक्का पाट्टी कशी आहे?' आक्का बरी आहे. तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून घरवाल्यांची सून मध्ये बसून ओरडून सांगते, आणि तिला तामिळ येत नाही. तरी दर रविवारी फोन होतो म्हणे. काय बोलतात देव जाणे.

बिनपत्त्याचा, तुमचं वाचल्यावर आमच्या फ्लेक्सवर रेघ नसलेली नावं मी मोजली. सात. त्यातल्या चौघांना खरंच कुणी नव्हतं. एकजण लहानपणीच गेला. उरलेल्या दोघांबद्दल चुलतभावाला विचारलं तर त्यानं विषय बदलला. मग संध्याकाळी आपणहून म्हणाला, 'एकाचा पोरगा नाशकाला हाय. नंबर हाय माझ्याकडं.' मी म्हणालो लाव. म्हणाला, 'बघू.' आमच्याकडं 'बघू' म्हणजे काय ते मला अजून नीट कळत नाही.

लेकींची नावं मी आईकडून आणि थोरल्या बहिणीकडून लिहून घ्यायला लागलोय. अठ्ठावन्न झाली. पणजोबांच्या बहिणींपाशी दोघी अडल्या, 'त्या बेणापूरला दिलेल्या' एवढंच आठवतं, नाव नाही. हेळव्याच्याही वहीत नाही. फोन करून विचारलं.

शेवंता, म्हटलं हे सगळं त्या मूळ फ्लेक्सवर मार्करनं तरी लिहावं, म्हणून तो शोधायला गेलो. सेलमवाल्यांच्या बंगल्याला कुलूप. घरवाल्यांच्या वस्तीवर गेलो तर फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर घातलेला, चारी कोपऱ्यांना दगड. वरच्या बाजूला नुसतं पांढरं. मी काही बोलायच्या आत काकीच म्हणाली, 'नावं आतल्या अंगाला घातल्यात बरं का. उन्हानं उडाय नकोत.'